गड्याच्या डोळ्याचं औषध

मामाजी,

काल मी सुनेच्या कुत्र्याच्या डोळ्यात औषध टाकलं. ती आणि तुमचा नातू सकाळपासून त्याच्यामागे लागले होते. तो पलंगाखाली जाऊन बसत होता आणि सून हातात शिशी घेऊन फरशीवर पालथी पडून त्याची समजूत घालत होती. मी हात साबणाने धुतले, कुत्र्याला बाहेर बोलावलं, खुर्चीवर ठेवलं, मागच्या बाजूने हनुवटी धरली, मनगट त्याच्या कपाळावर टेकवलं, खालची पापणी अंगठ्याने जराशी ओढली आणि थेंब आत टाकला. त्याला कळलं तोवर झालं होतं. सून उठून बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही तर याला कधी हातही लावत नाही. हे कुठून शिकलात?" मी म्हटलं, सासऱ्यांबरोबर. तिला ती थट्टा वाटली. तिचा सासरा म्हणजे तुमचा मुलगा, आणि त्याच्याशी ती क्रिकेटवरून भांडते, त्याच्या हातातला रिमोट ओढून घेते. सासऱ्याशी बोलायचं नसतं म्हणजे काय, हे तिला सांगूनही समजणार नाही. म्हणून तिला काही सांगितलं नाही. तुम्हाला लिहिते आहे.

मला असं लिहायची सवय नाही. अंगणवाडीत होते तेव्हा महिन्याचे अहवाल लिहायचे, पण त्यात किती मुलं आणि किती धान्य, एवढंच असे. आपण घरी बोलायचो आपल्या आंजी गावाकडचं, कागदावर मात्र माझं शाळेतलंच मराठी उतरतं. तुम्ही समजून घ्याल. तुम्ही शाळेत फार गेला नव्हता, पण कोणी वाचून दाखवलं तर एक शब्द सुटू देत नसे तुमचा कान.

आंजीच्या त्या घरात मी लग्न होऊन आले आणि पहिली काही वर्षं तुमच्याशी एक वाक्य बोलले नाही. भांडण नव्हतं. रीतच ती होती. तुम्ही पुढच्या छपरीत, ओसरीवर असलात की मी डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढून आतूनच ये-जा करायची. तुम्हाला पाणी हवं असेल तर तुम्ही सासूबाईंना सांगायचात आणि सासूबाई मला. त्या घरात नसल्या की तुम्ही स्वयंपाकघराबाहेर उभे राहून खाकरायचात, मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची, मग तुम्ही तो उचलायचात. तुमचे पाय मी ओळखत होते, चपलांचा आवाज ओळखत होते, पण चेहरा कसा आहे हे कोणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. माझ्या माहेरीही अशीच रीत होती, त्यामुळे मला त्याचं दुःख वाटायचं असं नाही. फक्त कधी कधी वाटायचं, आपण मॅट्रिकपर्यंत शिकलो, वर्गात उभं राहून धडा वाचायचो, तो आवाज आता कुठे गेला.

मग एका हिवाळ्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वर्ध्याला शिबिर होतं. दुसरा डोळा तुमचा लहानपणीच देवीत गेलेला, म्हणजे जे काय दिसायचं ते या एकाच डोळ्याने. तुम्ही घरी आलात ते डोळ्यापुढे लोंबणारं हिरवं फडकं, काळा चष्मा आणि खिशात थेंबांची शिशी घेऊन. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुरात जायचं नाही, आत टाके आहेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई आणि तुमचा मुलगा पहाटे भाजीची बंडी जुंपून वर्ध्याच्या बाजारात जायचे ते दुपार कलल्यावर परत यायचे. दुपारचे आणि संध्याकाळचे थेंब सासूबाई टाकायच्या. सकाळचे तुम्ही स्वतः टाकायचात, बाजेवर उताणे पडून. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

आणि त्याच दिवसांत आपल्या कुत्र्याच्या, गड्याच्या, डोळ्यात काटा गेला. गड्या हे काही त्याचं नाव नव्हतं. तुम्ही त्याला हाक मारायचात तेवढंच. आपल्या भाजीच्या वाडीत रानडुकरं शिरली, हा त्यांच्यामागे बोराटीच्या कुंपणातून घुसला आणि घरी आला तो डावा डोळा मिटून. डोळ्यातून सारखं पाणी. पंजाने तो डोळा घासायचा, मग भिंतीला घासायचा. तुमचे दोस्त, ते मागच्या गल्लीतले तंबाखूवाले बाबा, छपरीत येऊन बसले आणि त्यांनी लगेच उपाय सांगितला.

"तंबाखू चावजो अन् पिचकारी मारजो त्याच्या डोयात. माह्या बैलाचं पाणी त्यानंच थांबलं होतं."

"तुह्या बैलाचं पाणी थांबलं," तुम्ही म्हणालात, "कारण तुहा बैल मेला."

मी आत भाकरी थापत होते. मला हसू आलं आणि मी तोंडावर पदर धरला. तुम्ही एवढं तिखट बोलता हे मला तोवर माहीत नव्हतं.

गड्याला बंडीत घालून मी आणि तुमचा मुलगा गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, इथं बैल येतात, म्हशी येतात, कुत्र्याच्या डोळ्यासाठी बंडी जुंपून आलेले तुम्ही पहिलेच. पण त्यांनी नीट पाहिलं. बुबुळावर जखम होती. मलमाची नळी दिली आणि ते कसं घालायचं ते दाखवायला लागले. तुमच्या मुलाला बैलाच्या खुरातला खिळा काढता यायचा, पण डोळ्याकडे त्याला पाहवत नसे. तो बंडीचं जू तपासायच्या निमित्ताने बाहेर गेला. म्हणून डॉक्टरांनी मला दाखवलं. समोरून हात आणायचा नाही, कुत्रा घाबरतो. मागून यायचं. नळीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आधी उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा पुसायचा, झाल्यावर काहीतरी खायला द्यायचं म्हणजे दुसऱ्या वेळी पळत नाही. मी एकदा पाहिलं आणि मला आलं. मी त्यांना तसं सांगितलंही, येईल मला. तुमचा मुलगा वाटेत म्हणाला, तू डॉक्टरशी फाडफाड बोलली.

घरी सासूबाईंना हे सगळं पसंत नव्हतं. "माणसाच्या डोयाकडं पाह्याले कोणाले फुरसत नाई, अन् कुत्र्याच्या डोयाचे लाड चालू हाय," त्या म्हणाल्या. "आंधयं कुत्रं दारात पायजे कायले? उद्या डुकरं त्याले फाडून टाकतीन. डोया गेला तर बंडीत घाला अन् हिंगणीच्या जंगलाकडं सोडून या." तुमच्या मुलालाही ते पटल्यासारखं दिसलं. वाडीची राखण करणारा कुत्रा, त्याला दिसलं नाही तर तो काय कामाचा, असं तो म्हणाला. तेव्हा तुम्ही बाजेवरून बोललात, अगदी शांतपणे: "एका डोयाचा मालक चालते तुमाले, मंग एका डोयाचा कुत्रा काऊन नाई चालत?" पण सासूबाई एकदा बोलल्या की ते करायच्या, हे तुम्हालाही माहीत होतं. डोळा वाचवणं एवढा एकच मार्ग होता.

मलम घालायचं तर दोन माणसं लागतात. एक धरायला, एक घालायला. आणि सकाळी घरात आपण दोघंच.

पहिल्या दिवशी मी उकळलेलं पाणी आणि जुन्या धोतराचं मऊ फडकं घेऊन छपरीत आले आणि खांबाशी उभी राहिले. तुम्ही बाजेवर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मिरच्या निवडत होतात. तुम्हाला रिकामं बसवत नसे. तुम्हाला वाकायचं नव्हतं, म्हणून मी गड्याला उचलून तुमच्या पुढ्यात बाजेवर उभं केलं. त्याला डोळा खाजवता येऊ नये म्हणून एक टोपलं बूड काढून त्याच्या गळ्यात घातलं होतं. तुम्ही टोपलं मागे सारलं आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. मी पापणीला हात लावण्याआधीच तो किंचाळला आणि खाली उडी मारून पार न्हाणीपाशी पळाला. मला एका क्षणात कळलं. तुमच्या हातांना मिरची होती. आणि दुसऱ्या क्षणी हेही कळलं, की याच हातांनी तुम्ही स्वतःचे थेंब टाकणार आहात.

सांगायचं कसं? सासूबाई बाजारात. गल्लीतून कोणी जात नव्हतं. मी न्हाणीपाशी गेले, गड्याला धरलं, परत आणलं, आणि खाली मान घालून त्याच्याशीच बोलले.

"का रे गड्या, तुह्या मालकाले सांग ना, हाताले मिरची हाय, हात धुवा म्हणा."

मला वाटलं, झालं, आता हे उठून आत जातील. मग तुम्ही घसा साफ केला.

"गड्या, तुह्या मालकिणीले सांग, हात सकायीच धुतले हाय."

"सकायी धुतले, पण मंग मिरच्या कोणी निवडल्या ते इचार."

"साबन कुठी हाय ते तरी सांगा म्हणा."

मी साबण आणि बादली आणून दिली. तुम्ही हात धुतलेत, वास घेतलात, परत धुतलेत. मग आपण गड्याच्या डोळ्यात मलम घातलं आणि तुम्ही त्याला भाकरीचा तुकडा दिलात. असं आपलं बोलणं सुरू झालं. गड्या आपल्या मधोमध उभा राहायचा, टोपल्यातून एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहायचा, आणि आपण दोघं त्याच्याशी बोलायचो. गड्या, मालकाले म्हणा मान जराशी वर धरा. गड्या, मालकिणीले म्हणा हात थरथरून राह्यला. गड्या, आज भाजीत मीठ नव्हतं. गड्या, ज्याले मीठ पायजे त्यानं जेवतानाच बोला लागते. त्या रिकाम्या घरात सकाळची वेळ मला आवडायला लागली होती. मी भाकऱ्या लवकर आटपायची.

एक दिवस मलम सारखं त्याच्या गालावर पडत होतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. पापण्यांच्या आत जातच नव्हतं. मी हात बदलून पाहिला. तुम्ही त्याचं डोकं घट्ट धरून होतात आणि म्हणालात, "गड्या, तुह्या मालकिणीच्या डोयावर पदर येऊन राह्यला. तिलेच दिसत नाई, तर तुहा डोया कसा दिसन? पदर मांगं घे म्हणा."

मी तशीच थांबले. पदर मागे घेणं म्हणजे तुमच्यासमोर उघड्या डोक्याने उभं राहणं. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण तुम्ही तोंड रस्त्याकडे वळवलं होतं, हात मात्र गड्याच्या जबड्यावर तसेच. मी पदर खांद्यावर टाकला, मलम घातलं, ते पहिल्याच खेपेला आत गेलं. मी पदर परत घेईपर्यंत तुम्ही तोंड इकडे वळवलं नाही. त्यानंतर रोज तसंच. त्याबद्दल आपण गड्यालाही कधी काही सांगितलं नाही.

तरीही डोळा सुधारेना. उलट चिघळला. लाली वाढली, बुबुळावर दुधासारखी साय दिसायला लागली, आणि तो सावलीत बसूनही डोळा उघडेना. मला काही समजत नव्हतं. माझा हात चुकत नव्हता, एवढं मला माहीत होतं. परत दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दुसरं काही टाकून राह्यले का याच्यात? मध, लोणी? घरातले माणसाचे थेंब?" मी म्हटलं, नाही, मलमाशिवाय काही नाही, मी स्वतः टाकते. ते म्हणाले, मग ही जखम आतापर्यंत भरायला पाहिजे होती. माणसाच्या डोळ्याची काही औषधं अशी असतात की ती उघड्या जखमेवर पडली तर जखम वाढते, म्हणून विचारलं. आणखी थोडे दिवस बघा, नाही तर डोळा जाईल. सासूबाईंनी त्या संध्याकाळी तुमच्या मुलाला विचारलं, हिंगणीकडे बंडी कधी जाणार आहे.

मी रोज सकाळी गड्याचं औषध झालं की वाडीत भाजी तोडायला जायची. त्या दिवशी कात्रीच विसरले, म्हणून वाटेतूनच परतले. दारात आले तर छपरीत तंबाखूवाले बाबा खांबाला टेकून बसले होते, हातावर तंबाखू मळत. आणि तुम्ही खाली जमिनीवर होतात. गड्या बाजेवर एकट्या माणसाच्या हाती लागत नसे आणि त्याला उचलायची तुम्हाला मनाई होती, म्हणून तुम्ही त्याला गुडघ्यांत धरलं होतं आणि त्याच्यावर पार ओणवे झाला होतात. डोकं गुडघ्यांच्याही खाली. काळा चष्मा बाजूला काढून ठेवलेला. हातात तुमची स्वतःची थेंबांची शिशी.

"मामाजी, मान वर करा."

माझा आवाज त्या घरात तेवढा मोठा कधी झाला नव्हता. तो मलाच परका वाटला. तुम्ही वर पाहिलं, पण अर्धवट.

"पयले मान वर करा. शिशी द्या इकडं."

मी पुढे झाले आणि शिशी तुमच्या हातातून घेतली. तुमच्या बोटांना माझी बोटं लागली. "हे तुमचं औषध हाय, त्याचं नाई. ह्याच्यानंच त्याचा डोया चिघळून राह्यला." तंबाखूवाल्या बाबांचा अंगठा तळहातावर जिथल्या तिथे थांबला होता. तुम्ही हळूहळू उठून बाजेवर बसलात. मग तुम्ही बोललात, आणि सवयीने गड्याकडेच पाहून बोललात.

"याले ढोरांच्या डॉक्टरनं औषध देल्लं. मले मोठ्या डॉक्टरनं. मी म्हटलं, यालेई चांगलंच पायजे. सकायचा माहा थेंब मी याले देऊन राह्यलो होतो. दोघाले पुरलं पायजे ना."

म्हणजे सकाळचं औषध तुम्ही घेतच नव्हता. मी बाजेखालचा चष्मा उचलून तुमच्या हातात दिला आणि आत गेले. आत गेल्यावर मी आधी शिशी पुसून फळीवर ठेवली. मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बाबांनी तंबाखू तोंडात टाकला आणि गावात निघून गेले. बाजाराची बंडी दारात यायच्या आधीच सासूबाईंना वाटेत बातमी लागली होती. त्यांनी टोपली उतरवून घेतली नाही, पाय धुतले नाहीत.

"सासऱ्यावर ओरडली म्हणते. हातातून शिशी हिसकली म्हणते. बाप्पा, शिकलेली सून आणा म्हणे सगळे, घ्या आता. उद्या हिच्या भावाले सांगावा धाडा. राहू दे काही दिवस माहेरी. कोणाशी कसं बोला लागते ते तिच्या मायनं शिकवलं नसन तर आता शिकवन."

तुमचा मुलगा बैल सोडत होता, तो सोडतच राहिला. सासूबाईंनी मला सरळ विचारलं, "काऊन ओरडली?" मी म्हटलं, "कुत्र्याचा डोया गेला असता, म्हणून." त्या म्हणाल्या, "कुत्र्यासाठी?" आणि एवढं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा तुम्ही बाजेवरून म्हणालात, "हिसकली नाई. मी देल्ली. अन् ओरडली नाई, बोलली. तिले आवाज हाय, हे तुमाले आजच समजलं का?" पण सासूबाईंचं समाधान झालं नाही. भावाला सांगावा जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मी माझी पिशवी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या बाजाराला गेल्या नाहीत. मी चुलीपाशी होते, त्या तांदूळ निवडत होत्या. तुमच्या चपला वाजल्या. तुम्ही खाकरला नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात आणि माझ्याकडे पाहून बोललात. गड्या तिथे नव्हताच.

"सूनबाई, आजपासून माह्या डोयात औषध तूच टाकत जाय. तुह्या सासूचा थेंब कानात जाते."

सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या तुमच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा तांदळाकडे. एवढंच म्हणाल्या, "जाय मंग. हात धू पयले." माहेरचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. सांगावाही गेला नाही.

तुम्ही बाजेवर उताणे झालात. मी डोक्याच्या बाजूला उभी राहिले, पदर खांद्यावर घेतला, आणि तुमचं फडकं उचललं. इतक्या वर्षांत तुमचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला. भुवईवर पांढरे केस होते, नाकाजवळ देवीचे वण होते, आणि डोळा लाल होता, पण स्वच्छ होता. मी शिशी लांबूनच धरली होती. तुम्ही म्हणालात, "गड्याचं मनगट टेकून करते ना, तसंच कर. कपायावर टेक." मी मनगट तुमच्या कपाळावर टेकवलं. थेंब आत गेला. तुम्ही डोळा मिटून पडून राहिलात आणि थोड्या वेळाने म्हणालात, "त्याले भाकर भेटते. मले?" मी आत जाऊन खरंच भाकरीचा तुकडा आणला, वर गूळ ठेवून. सासूबाई बघत होत्या. त्याही हसल्या, पण तोंड फिरवून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तपासणीला डॉक्टरांनी टाके धरलेत म्हणून सांगितलं, फक्त डोळा लाल का राहिला म्हणून विचारलं, आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, आता ही पाहते. गड्याच्या डोळ्यात नुसतं मलम जायला लागल्यावर त्याचाही डोळा उघडला. बुबुळावर तांदळाएवढं पांढरं फूल कायमचं राहिलं, पण त्याला दिसायचं. त्याच पावसाळ्यात त्याने वाडीतून डुकरं हाकलली आणि सासूबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने भाकर टाकली. मग आपण सरळच बोलायला लागलो. वांग्यांचा भाव, विहिरीवरच्या मोटारीचा पट्टा, पुढे माझ्या अंगणवाडीच्या अर्जाचं. "भर अर्ज," तुम्ही म्हणालात, "तुह्याजवळ आवाज हाय, पोरं ऐकतीन." पोरांनी ऐकलं, मामाजी. पुष्कळ वर्षं ऐकलं. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा डोळा चांगला होता. शेवटच्या आठवड्यातही अंगणात कोण आलं ते तुम्ही बाजेवरून ओळखत होतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि कोणाला दाखवायचंही नाही. सुनेने विचारलं तर हिशेब लिहीत होते म्हणून सांगीन. फक्त एक गोष्ट लिहायची राहिली आहे. त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी कुत्र्याचं सांगितलं, आणि पुढेही सगळ्यांना तेच सांगत आले. गावात अजूनही ते तसंच सांगतात, सून कुत्र्यासाठी सासऱ्याला बोलली म्हणून. मी कधी खोडून काढलं नाही. तुमच्यासाठी बोलले असं म्हणायला त्या घरात मला लाज वाटली असती. तुम्हाला ते समजलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मी दारात आले तेव्हा मला तुमची वाकलेली मान दिसली, आणि टाके घातलेला तो एकच डोळा, खाली झुकलेला. गड्या त्या क्षणी मला दिसलाही नव्हता.